दसऱ्याचे पॅटीस

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रतिभा दवाखान्यात वारली, तेव्हा तिचा नवरा शरच्चंद्र फ्रीगंजमधल्या टावर चौकातल्या बेकरीत उभा होता. घरी साटा लावून, घड्या घालून लाटलेल्या पॅटीसचा ट्रे भट्टीत द्यायला तो लायनीत लागला होता. बातमी घेऊन मेहुणी सुलू आली. त्याचे पिठाचे हात बघून ती सगळ्यांदेखत म्हणाली, “ताई तिकडे एकटी गेली, आणि भाऊजी, तुम्हाला इथे पार्टीची पडलीय?”

दुःखाच्या घरी दिवाळीला कढई चढत नाही, म्हणून रीतीप्रमाणे सुलू फराळाचा डबा घेऊन आली. तो तिने उंबऱ्याबाहेरच टेकवला.

“आत तरी ये.”

“कशाला? पॅटीस खायला?”

“तोंड सांभाळून बोल, सुलू.”

“तुम्ही ताईला सांभाळलंत तसं? रहने दो भाऊजी. सगळ्या फ्रीगंजला माहितीये तुम्ही कुठे होता ते.”

उत्तर त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने दार लावून घेतलं.

ती गेली त्या सकाळी प्रतिभानेच त्याला दवाखान्यातल्या पलंगाजवळून उठवलं होतं. म्हणाली होती, “उद्या सुलू सोनं द्यायला येईल. माझ्यावर रुसलीय, पण माझे पॅटीस बघितले की तिचा राग टिकत नाही. घरी जा आणि तेवढे करून ठेवा.”

हे सुलूला सांगायचं अजून राहिलं आहे.