हाम्बिसच्या घुगऱ्या

चेंडू आला तो थेट घुगऱ्यांच्या परातीत. पिठीसाखरेचा ढग उठला, डाळिंबाचे चार दाणे पाद्री लोइझोसच्या दाढीत जाऊन बसले आणि ख्रिस्तल्लाने छातीवर क्रूस केला.

"हाम्बिसच असणार," ती म्हणाली. "जिवंत होता तेव्हाही वाढायच्या आधी ताटात बोट घालायचा."

नवऱ्याला जाऊन आज चाळिसावा दिवस. गव्हाच्या घुगऱ्यांत बदाम-मनुका घालून, वर साखर पसरून, येईल त्याच्या तळहातावर एक डाव ठेवायचा आणि खाणाऱ्याने म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." जितकी तोंडं, तितकी मेलेल्याची वाट सोपी. ख्रिस्तल्लाने अख्ख्या गावाला पुरतील एवढ्या शिजवल्या होत्या, आणि अख्खं गाव कॉफीच्या दुकानात बसून होतं. सख्ख्या दिराला, पिएरिसला, बोलवायला ती स्वतः त्याच्या दारापर्यंत गेली होती. आत रेडिओचा आवाज तेवढा मोठा झाला.

गावाचंही खोटं नव्हतं. गोल्फवाल्यांना जमीन पहिल्यांदा विकली ती हाम्बिसने. विहीर त्याच्या वाट्यात, त्यामुळे बाकीच्यांची लिंबं वाळली आणि मग त्यांनीही मिळेल त्या भावात विकलं. आता निम्मं गाव त्याच जमिनीवर गवत कापत होतं आणि निम्मं समुद्रावर पाहुण्यांच्या छत्र्या उघडत होतं. हाम्बिसने न विकता राखलं ते एवढंच, आजोबांनी बांधलेलं खुराड्याएवढं चर्च. ते आता गोल्फच्या सातव्या खळग्याच्या अगदी कडेला आलं होतं, आणि परात त्याच्याच दारात मांडली होती.

चेंडूमागून त्याचा मालक आला. लालबुंद, घामाघूम, हातात काठी. आठवडाभर सकाळी गोल्फ आणि दुपारी समुद्र, अशा सुट्टीवर आलेला इंग्रज.

"माफ करा हं! चेंडू घेऊ का? बायको किनाऱ्यावर थांबलीय, जेवायला मासे सांगून ठेवलेत."

पाद्री लोइझोसचं निम्मं आयुष्य लंडनमध्ये मासे आणि बटाटे तळण्यात गेलं होतं. इंग्रज माणूस भुकेला असला की किती मऊ होतो, ते त्याला ठाऊक होतं.

"घ्या की. पण या परातीत घातलेला हात रिकामा काढत नाहीत."

"पण मी या गृहस्थांना ओळखत नव्हतो."

"बरंच झालं. ओळखणारे कुणी आले नाहीत."

इंग्रजाने हात पुढे केला. पाद्रीने शब्द पढवले, त्याने ते जमतील तसे म्हटले आणि खाल्लं. मग त्याचे तिघे सोबती आले. मागून खेळत येणारे चौघे खोळंबले होते, ते काय झालं बघायला आले, त्यांच्या मागचेही आले. इंग्रज माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो आणि कशाची आहे ते नंतर विचारतो.

"पाद्रीबाबा," ख्रिस्तल्ला डाव चालवता चालवता कुजबुजली, "हे काहीतरी भलतंच म्हणतायत. देवाला कळेल का?"

"आपल्या गावची ग्रीक कळते त्याला, बाई. मग हे काय!"

पांढऱ्या टोपीतल्या एका बाईंनी घास संपवून विचारलं, "पण यांना क्षमा कशाबद्दल?"

"तुम्ही उभ्या आहात त्या गवताबद्दल," पाद्री म्हणाला. बाईंनी नकळत एक पाय उचलला.

तेवढ्यात गवत कापायचं यंत्र धडधडत आलं. त्यावर पिएरिस.

"वहिनी, काय चालवलंय हे? ऑफिसातून फोनवर फोन! सगळं मैदान तुंबलंय!"

"तुझ्या भावाचा चाळिसावा आहे."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे."

पिएरिस तावातावाने परातीकडे निघाला. पांढऱ्या टोपीच्या बाईंनी त्याला हसून अडवलं आणि बोटाने दाखवलं, शेवट तिकडे आहे. पाहुण्यांशी वाद घालायचा नाही, हा त्याच्या नोकरीचा पहिला नियम. तो मुकाट्याने जाऊन शेवटच्या माणसामागे उभा राहिला. रांग सरकली की सरकत होता. मध्ये केव्हातरी त्याने डोक्यावरची टोपी काढली. ऊन तर चढतच होतं.

त्याची पाळी आली तोवर परातीचा तळ दिसू लागला होता. ख्रिस्तल्लाने त्याच्या तळहातावर डाव रिकामा केला. पिएरिसने एक अक्षर न काढता, औषध घ्यावं तसा घास तोंडात टाकला. भावाच्या चुलीवरचं तो कित्येक वर्षांनी खात होता. चावायला त्याला फार वेळ लागला.

"झालं?" पाद्रीने विचारलं.

पिएरिसने मान हलवली. तो जाईल असं वाटलं, पण गेला नाही. त्याने पुन्हा हात पुढे केला. आता, क्षमेचे शब्द न म्हणता एक घास नातेवाइकाला मिळतो. दुसरा ते म्हटल्याशिवाय कुणालाच मिळत नाही, आणि हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ख्रिस्तल्लाने तळाचं सगळं खरवडून डाव भरला, दिराच्या तळहातावर आणून धरला, आणि कलता न करता वाट पाहत राहिली.