तेजीतला धंदा

तालुक्यात कुठला धंदा तेजीत आहे, हे पाहायला आलेला अधिकारी लॉजवर बॅग टाकून बाजारपेठेत शिरला. गिरणीला टाळं, हॉटेलं ओस. फक्त कुलूपवाल्याची विक्री तिप्पट झालेली.

"चोऱ्या वाढल्या वाटतं?"

"चोर तरी कुठे उरलेत, साहेब? गाव सोडणारा प्रत्येक जण जाताना एक कुलूप नेतो."

"आणि स्पर्धा?"

"समोर होता की एक कुलूपवाला. त्याचा सगळा माल खपला. कालच स्वतःच्या शटरसाठी कुलूप माझ्याकडून घेऊन गेला."

अधिकाऱ्याने खूश होऊन 'वाढीला भरपूर वाव' असं लिहून घेतलं. बाहेर शेवटची बस निघून गेली.



"तुमच्या लॉजवाल्यानेही मघाशी एक नेलं," शटर खाली ओढत कुलूपवाला म्हणाला. "तुमची बॅग आतच आहे का?"