घसरलेला कातळ

"बाबा, तुमच्या या ओढ्याखालून फॉल्ट गेलाय," खडक तपासायला आलेली सर्वेक्षणवाली मुलगी हातोडी ठोकत म्हणाली.

"मग वायरमनला सांग बाई. तरीच आमचे दिवे जातात," झिपरूअण्णा म्हणाले.

ती पोट धरून हसली. मग तिने समजावलं, की सातपुड्याच्या या पायथ्याला जमिनीतच मोठी भेग आहे. ओढ्यापलीकडचा उंच कातळ आणि अलीकडचा खोल कातळ मूळचा एकच. अलीकडचा तेवढा खाली घसरला.

अण्णांनी कान टवकारले. त्यांची बायको ठगूबाई पलीकडच्या वरच्या वस्तीतली. लग्नाच्या मांडवापासून तिने त्यांना 'खालचे' म्हणून चिडवलं, आणि गावभर थापा मारणाऱ्या अण्णांना त्यावर कधी उत्तर म्हणून सुचलं नाही. आज सुचलं, तर ऐकायला ती नव्हती.

एवढं खणखणीत उत्तर वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. ठगूबाई गेल्यापासून ज्या सासुरवाडीत पाय ठेवला नव्हता, तिची चढण ते धापा टाकत चढले.

अंगणात बसलेला म्हातारा मेहुणा चकितच झाला. "दाजी, तुम्ही? आज वर कसे?"

"आम्ही मूळचे वरचेच रे, गजमल! मध्ये जरा घसरलो होतो," म्हणत अण्णांनी ऐटीत सगळी हकिगत सांगितली.

गजमलने पाण्याचा तांब्या पुढे केला. "ताई असती तर म्हणाली असती, घसरायची खोड तुमची जुनीच!"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला.

"परत म्हण," ते म्हणाले. "अगदी तिच्यासारखं म्हण."