पाठमोरी आई

कियोमीच्या सहा वर्षांच्या लेकीने बर्फाला वाकून नमस्कार केला आणि ती रिंकवर उतरली. तिची पहिलीच स्पर्धा. कठड्याबाहेर कियोमी तिच्या स्केट्सची प्लास्टिकची कव्हरं घट्ट धरून उभी होती. ती स्वतः तीन वेळा जपानची फिगर स्केटिंग चॅम्पियन झालेली.

संगीत सुरू झालं आणि कियोमीने चक्क रिंककडे पाठ फिरवली. शेजारी तिची आई आधीपासूनच पाठमोरी उभी होती.

"आता कळलं?" आई म्हणाली.

कियोमीने मान हलवली. सगळी कारकीर्द ती याच गोष्टीवरून रुसली होती. अख्खं स्टेडियम आपल्याकडे बघतंय आणि आपली आई तेवढी भिंतीकडे! "तू माझी एकही उडी पाहिली नाहीस," असं ती कितीदा तरी बोलून गेली होती.

"पाहिली नाही गं, पण ऐकली प्रत्येक. तू उडालीस की स्केट्सच्या पात्यांचा आवाज थांबायचा. तो परत येईपर्यंत माझा श्वास अडकलेला."

इतक्यात मागे तो आवाज थांबला आणि धप्पकन काहीतरी आदळलं. कियोमी गर्रकन वळणार, तोच आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. ऐक."

क्षणभर काहीच नाही. मग बर्फावर पुन्हा खर्रखर्र सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

"उठली!" दोघी एकदमच म्हणाल्या.

कियोमी हसत वळली. "आई, तूही वळ ना, एकदा तरी."

आई वळली खरी, पण डोळे गच्च मिटूनच.