शेजाऱ्याकडची चौकशी

यंत्राने पुन्हा त्याच गल्लीत आणून सोडलं, तेव्हा पुंजाराम सपकाळांनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ नुसतेच बसले. अकोल्याचं ऊन काचेतून मांडीवर आलं होतं.

यंत्र म्हणजे हातात मावणारं, पत्ते शोधायचं जीपीएस. पुंजाराम मृदसंधारण खात्यात असताना असल्याच यंत्राने शेतांचे बांध मोजायचे. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून नवं दिलं, म्हणजे घरी बसूनही साहेबांना आपण कुठे आहोत हे कळावं. त्यात शहरांतले पत्तेही सापडतात हे समजल्यापासून पुंजाराम रस्त्यात कोणाला काही विचारत नसत. विचारलं की गल्लीला कळतं, गल्लीला कळलं की घराला कळतं. आणि सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस त्या घराला कळून चालत नाही.

चौकशी धाकट्या मुलीसाठी, रागिणीसाठी होती. मुलगा शिवम गावंडे. मध्यस्थाने फोटो आणला, फोटो चांगला होता, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. थोरलीच्या वेळी पुंजारामांनी चौकशी केली नव्हती. घर मोठं दिसलं, तेवढंच पाहिलं. थोरली आता अमरावतीला माहेरीच असते आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नाही. सकाळी निघताना रागिणी एवढंच म्हणाली होती, "बाबा, तुमी हो म्हणसान तं माझं हो." मूर्तिजापूर मागे पडलं तरी ते वाक्य काही खांद्यावरून उतरलं नव्हतं.

चौकशीची रीत ठरलेली. ज्याची करायची त्याच्या दारात जायचं नाही, शेजारच्या घरी जायचं. भाड्याची खोली पाहिजे म्हणायचं, पाणी मागायचं, पाणी आलं की बसायचं. अचलपूर, भातकुली, दर्यापूर करता करता पुंजारामांनी इतक्या शेजाऱ्यांचा चहा पोटात घातला होता की त्यांना पित्ताचा त्रास जडला. त्या पित्तातून एक अनुभव मात्र हाती लागला होता. शेजारी कौतुक करू लागला की तो मुलाचा मामा निघतो. उणंदुणं काढू लागला की मांडी घालून ऐकावं.

यंत्रातला झेंडा दोन घरांत जरा इकडेतिकडे करून हिरव्या फाटकाच्या घरावर थांबला होता. पडदे ओढलेले, बाहेर कोणी नाही. पुंजारामांनी त्या घराकडे न पाहिल्यासारखं पाहिलं आणि अलीकडच्या घराची कडी वाजवली.

ओसरीत खाटेवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पुंजारामांनी खोलीचं सुरू केलं. गृहस्थांनी त्यांना बोलू दिलं. मग गाडीच्या नंबराकडे पाहिलं, इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं.

"अमरावतीहून खोली पाह्याले आले?"

"हो."

"पोरीचं आहे काय?"

पुंजाराम इतके दमले होते की खोटं बोलायलाही उठून बसावं लागलं असतं. त्यांनी हो म्हटलं. शेजारचे गावंडे, त्यांचा शिवम. गृहस्थांनी हिरव्या फाटकाकडे एकदा मान वळवली, पुन्हा सरळ केली आणि आत पाहून चहा सांगितला.

चहा घेऊन आलेल्या बाईंच्या मनगटाला कापडाची पट्टी होती. स्वयंपाकात भाजलं असावं. त्यांनी कप ठेवला आणि दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या.

"सांगाचं तं लय आहे," गृहस्थ म्हणाले. "तुमची पोरगी कशी आहे?"

पुंजारामांनी सांगितलं. बँकेत आहे, शांत आहे, हसली की शेजाऱ्यांना कळतं. गृहस्थ कपाकडे पाहत ऐकत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं, कोणाची कुचाळकी करायला बसल्यासारखं नव्हतं. जी नोकरी सांगतात ती सुटली आहे. यापूर्वीही एक साक्षगंध मोडलं आहे, त्या मुलीच्या भावाने येऊन गल्लीत तमाशा केला.

"दारू पेते. पेल्यावर हात उचलते. मायवरही."

"तुमी सोता पाह्यलं?"

"भिंत कितीशी जाड असते, भाऊ?"

"आन् बाप? बाप काही म्हणत नाही?"

गृहस्थांनी चहा बशीत ओतला.

"आजवर तं नाही म्हटलं काही."

वाईट ऐकून इतकं बरं वाटावं, याची पुंजारामांना जराशी लाज वाटली. असले बाप असतात, ते म्हणाले. पोराचे दोष झाकून दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं करतात. गृहस्थांनी मान हलवली. चौकटीतल्या बाई आत निघून गेल्या.

निघताना पुंजारामांनी गृहस्थांचे हात हातात घेतले. तुमच्यासारखा शेजारी भेटला म्हणून पोरगी वाचली, असं म्हणाले. गृहस्थ एवढंच म्हणाले, गाडी सावकाश चालवा.

बाहेर पुंजारामांनी यंत्रात घरचा पत्ता घातला. गाडीत या वेळी यंत्राला उपग्रह सापडेना, म्हणून ते त्याच घराच्या कुंपणाशी, खिडकीखाली उन्हात उभे राहिले आणि हात वर धरला. साक्षगंध मोडल्याचं मध्यस्थाला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मनात सुरू झाली.

खिडकीतून त्या बाईंचा आवाज आला. रडका नव्हता. दमलेला होता.

"किती दिसानं एक सोयरीक आली होती. पोटच्या पोराबद्दल असं सांगते काय कोणी?"

खाट करकरली.

"बापानं नाही सांगतलं, सुभद्रे, तं मंग कोण सांगन?"