भुजंगाचं म्हणणं

"ये भुजंगा, वर ये," धर्मराज पाटील म्हणाले.

उभा जन्म भुजंगाने चावडीच्या पायरीखाली उभं राहून निरोप ऐकले होते. वर ये म्हणणारा पाटील तो आज पहिल्यांदा बघत होता. वर पोतं अंथरलेलं. कान तुटलेल्या कपात का होईना, चहासुद्धा होता. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. तो वर गेला, पण पोतं सोडून खांबाजवळ उकिडवा बसला. चहाला हातही लावला नाही.

जालन्याहून आलेले महसुलाचे साहेब, गिरदावर, सारखे घड्याळ बघत होते. निजाम सरकारचा हुकूम असा की, गावाला एक विहीर मंजूर. जागा पंचांनी ठरवायची, पण पंचांत महारवाड्याचा माणूस पाहिजे. तो नसला तर विहीरही नाही.

"तू आता पंच झालास," पाटील हसले. "अंगठा दे, की सुटलास."

पटवारी श्रीपतरावांनी तर त्याचा अंगठा धरून शाईत बुडवलाही. कागद उर्दूत होता. भुजंगाला कुठलंच अक्षर येत नव्हतं.

"काय लिवलंय याच्यात?"

"तुझंच म्हणणं आहे."

"माझं? मी तर आत्ताच आलो न."

पटवाऱ्यांनी पाटलांकडे पाहिलं. गिरदावर वैतागले. "अरे, सुनाव ना उसको जल्दी!"

श्रीपतराव खाली मान घालून भरभर वाचू लागले. सगळे पंच आणि महारवाड्याचा भुजंग यांनी खुशीने, एकमताने ठरवलं की विहीर धर्मराज पाटलांच्या मळ्याला लागून खोदावी.

भुजंगाचं डोकं सणकलं. त्याची बायको सगुणा उन्हाळाभर नदीच्या वाळूत झरा उकरून बसायची. वाटीवाटीने घागर भरायची, तेव्हा कुठे घरात चूल पेटायची. गावच्या आडाला तर महारवाड्याने शिवायचंच नव्हतं.

"पाटील, तिथं आमच्या बाया घागर बुडवतील का?"

"ते मागून बघू न. आधी विहीर तर होऊ दे."

गिरदावरांनी जागेची खूण करायला गावाचा नकाशा पसरून ठेवला होता. तो भुजंगाने बघताक्षणी ओळखला. जमीनमोजणीच्या साली साखळीचं एक टोक त्याच्याच हातात होतं. शीव दाखवायला सरकारी माणसं नेहमी महारालाच पुढे घालायची. हा ओढा, ही मसणवट, हा पाटलाचा मळा. आणि ओढ्याच्या वळणावर, कोपऱ्यात, महारवाडा.

"अंगठा द्यावाच लागन का?" त्याने विचारलं.

"बिलकुल," गिरदावर म्हणाले. "उसके बगैर काम नहीं होगा."

भुजंग उठला. पटवाऱ्यांनी कागद पुढे केला. भुजंगाने तो बाजूला सारला आणि नकाशावर, ओढ्याच्या वळणाशी, काळा अंगठा जोर लावून दाबला.

"अरे, सरकारी नकाशा आहे तो!" श्रीपतराव ओरडले.

"आसू द्या," भुजंग म्हणाला. "माझं म्हणणं झालं. आता याच्या भवती काय लिवायचं ते लिवा."