कूस बदलताना

भास्कर कुलथेंना कुशीवर वळवायला पंधरवड्यापूर्वी सहा जण लागले होते. वजन एकशे नव्वद किलो आणि पोटाच्या भाराखाली दबलेली फुप्फुसं. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चरबी खाणारे जंतू टोचले. श्वासाची नळी काल निघाली, आणि आज अतिदक्षता विभागातल्या सिस्टर घोसाळकर व यमुनामावशी या दोघींनीच त्यांना वळवलं.

“मावशी, आता माझ्यासाठी मुलगी बघा,” कुलथे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“आधी माझी साडी सांभाळू द्या,” मावशी हसल्या. “आठवड्यात तिसऱ्यांदा परकराची नाडी आवळली.”

सिस्टरांचा हात थांबला. मावशी मुळातच काटकुळ्या. त्यांनी मावशींना काट्यावर उभं केलं. गेल्या महिन्यात बेचाळीस किलो होत्या, आता चौतीस.

जंतू रोग्याच्या शरीराबाहेर जगत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“उचलायला यायचे ते बाकीचे चौघं कुठायत?” सिस्टरांनी मावशींना विचारलं.

“त्यांचं आता काय काम? मंगळवारीच सोडलं. एकाच्या बहिणीचं लग्न आहे, सगळे तिकडेच गेलेत.”

सिस्टरांनी दार आतून लावून घेतलं. फोन कानाला लावताना त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं.